जमलं नाही तर? : पुणे ते क्योतो, ऑगस्ट २०२४

तयारी

जपानच्या व्हिसाच्या अर्जासोबत रोजचा कार्यक्रम जोडावा लागतो. कोणत्या तारखेला कोणतं गाव, मुक्काम कुठल्या हॉटेलात, सगळं एका तक्त्यात भरून द्यायचं. बऱ्याच जणांना हे जाचक वाटतं, मला मात्र त्याचा फार उपयोग झाला. व्हिसासाठी तक्ता भरून झाल्यावर मी माझ्या प्रतीत एक रकाना वाढवला आणि त्याला नाव दिलं ‘जमलं नाही तर?’. गाडी चुकली तर पुढची कोणती, हॉटेल फुकटात रद्द करायची शेवटची वेळ कोणती, उन्हाचा त्रास झाला तर जवळपास बसायला जागा कुठे. आई पासष्टची, मावशी सत्तरीला टेकलेली. दोघींना घेऊन परदेशात जायचं तर हा रकाना कोरा ठेवून चालत नाही, असं माझं ठाम मत आहे.

माझी सुट्टी आणि परवडणारी तिकिटं यांचा मेळ ऑगस्टमध्येच बसत होता. ऑगस्ट म्हणजे तिथला कडक उन्हाळा, वादळांचा मोसम आणि शिवाय ओबोन. ओबोन हा त्यांचा पितरांचा सण. लोक गावी जायला निघतात आणि त्या गर्दीच्या दिवसांत नोझोमी या शिनकान्सेन (बुलेट ट्रेन) गाड्यांना बिनआरक्षणाचा डबाच नसतो. आरक्षण एक महिना आधी, तिथल्या सकाळी दहाला उघडतं, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला. १३ जुलैच्या सकाळी कोथरूडच्या घरी लॅपटॉपसमोर बसून टोक्यो–क्योतोच्या तीन जागा घेतल्या. लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली की त्या बॅगेसाठी डब्याच्या टोकाची जागा वेगळी राखावी लागते, तीही तेव्हाच घेतली. परतीच्या, १६ तारखेच्या क्योतो–टोक्यो गाडीचं तसंच केलं.

औषधांचं आधी सांगते, कारण यात लोक अडकतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एका महिन्याला पुरतील इतकीच नेता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर जपानच्या आरोग्य मंत्रालयाकडून आधी परवानगी काढावी लागते. काही औषधांना तर पूर्ण बंदी आहे, त्यात सर्दीच्या काही गोळ्याही येतात. मावशीच्या रक्तदाबाच्या आणि आईच्या थायरॉइडच्या गोळ्या मूळ पाकिटातच, चिठ्ठीच्या झेरॉक्ससकट, हातातल्या पिशवीत ठेवायच्या असं पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

विमानाचं तिकीट मी थेट विमान कंपनीकडून काढलं. मधल्या संकेतस्थळावर ते थोडं स्वस्त होतं. पण काही बिनसलं की कंपनी म्हणते मधल्याला विचारा आणि मधला म्हणतो कंपनीला विचारा. ते थोडे पैसे मी विम्यासारखे धरले, आणि खरा प्रवास विमाही काढलाच.

येनने मात्र आमचा हिशेब बिघडवला. जुलैच्या सुरुवातीला रुपयाला एक पूर्णांक नऊच्या आसपास येन मिळत होते. पाच ऑगस्टला शेअर बाजार कोसळले, येन वधारला आणि तोच भाव एक पूर्णांक सातवर आला. निम्मे येन जुलैत घेऊन ठेवले होते, म्हणून निम्माच फटका बसला.

२५ जुलै, गुरुवार : एकतानगरी

पहाटे दादाचा, म्हणजे मावशीच्या मुलाचा, फोन आला. रात्रभर कोसळत होतं. खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं होतं आणि मुठेचं पाणी सिंहगड रस्त्याच्या बाजूने एकतानगरीत शिरलं होतं. मावशीचं घर तळमजल्यावर. दादाने तिला पाठीवर घेऊन जिन्यावर चढवलं, तेव्हा पाणी कमरेला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. फ्रिज आडवा पडलेला, गाद्या फुगलेल्या, भिंतीवर छातीच्या उंचीला चिखलाची सरळ रेघ. मावशी खुर्चीवर बसून लग्नाचा अल्बम वाळवत होती. एकेक पान सुटं करायची, ओल्या फडक्याने कडेचा गाळ पुसायची, दोन पानांत वर्तमानपत्राचा कागद घालायची. काकांना जाऊन चार वर्षं झाली. बऱ्याच फोटोंत त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग सुटून आला होता. कागद बदलताना ती काही बोलत नव्हती आणि आम्हीही नाही.

कपाटातले खालचे कप्पे गेले, कपडे गेले, चष्मा गेला. पासपोर्ट वाचला, कारण व्हिसाच्या कामासाठी तो जूनपासून माझ्याकडे कोथरूडला होता. ई-व्हिसा पासपोर्टच्या नंबरला जोडलेला असतो. पासपोर्ट भिजला असता तर नवा काढून व्हिसाचं सगळं पुन्हा करावं लागलं असतं आणि तेवढे दिवस हातात नव्हते.

प्रवास रद्द करायचा विषय मीच काढला. दादा म्हणाला, “आई, तू इथे थांबून चिखलात पाय घसरून पडशील. जा तू. तोवर भिंती वाळतील, मी रंग काढून घेतो.” ४ ऑगस्टला पुन्हा विसर्ग वाढला, लोकांना पुन्हा हलवलं, तेव्हा मावशी आमच्याकडेच होती. त्या रात्री तिने विचारलं, “लक्ष्मी रस्त्यावर कधी जायचं? मला प्रवासाचे कपडे नाहीत.” मग मी पुढे काही विचारलं नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार : पुणे–मुंबई

दुपारी सव्वाच्या सुमाराला क्यूशू बेटाच्या मियाझाकी किनाऱ्याजवळ समुद्रात ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. आम्ही शेवटच्या बॅगेचं वजन करत होतो. पावणेचारला जपानच्या हवामान खात्याने सूचना काढली की नानकाईच्या सागरी खोऱ्यात महाभूकंपाची शक्यता नेहमीपेक्षा वाढली आहे, पुढचा आठवडा सावध राहा. ही पद्धत २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून अशी सूचना पहिल्यांदाच निघाली होती. कॅब पाचला दारात येणार होती.

फोन सुरू झाले. मामा म्हणाला, “आधी पूर, आता भूकंप. अजून काय व्हायला हवंय?” त्याची काळजी खरी होती. मी बातम्या बाजूला ठेवून मूळ सूचना वाचली. भूकंप होणारच असं त्यात कुठेही नव्हतं. रोजचे व्यवहार चालू ठेवा, पण सुरक्षित जागी जायची वाट पाहून ठेवा आणि घरातला पाण्याचा साठा तपासा, असं होतं. त्यांचे तेव्हाचे पंतप्रधान किशिदा यांनी दुसऱ्या दिवशी मध्य आशियाचा दौरा रद्द केला, पण गाड्या आणि विमानं बंद करण्याचा आदेश नव्हता. मी ‘जमलं नाही तर?’चा रकाना उघडला. धोका होता तो मुख्यतः किनाऱ्याला, म्हणून ११ तारखेची कामाकुराची फेरी तिथल्या तिथे काढून टाकली. हॉटेलं कुठली, समुद्रापासून किती आत, हे दोघींना नकाशावर दाखवलं आणि म्हटलं, तुम्ही ठरवा.

आईने मावशीकडे पाहिलं. “ताई?”

“माझ्या घरात पाणी येईल असं कुणी सांगितलं होतं का आधी?” मावशी म्हणाली. “इथे निदान सांगतायत तरी.”

मी रद्द केलं नाही याचं कारण हेच. सूचना वेळेवर आणि स्पष्ट मिळत असेल तर तिच्यानुसार पावलं टाकता येतात. खंडाळ्याच्या घाटात धुकं आणि ट्रकांची रांग होती, पण आम्ही तीन तास हाताशी ठेवून निघालो होतो, त्यामुळे विमान आरामात मिळालं.

९ ऑगस्ट, शुक्रवार : नारिता, उएनो

नागपंचमी. बँकॉकला विमान बदलून दुपारी नारिताला उतरलो. ई-व्हिसा फोनवर इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट किंवा छापील कागद चालत नाही. तिघींचे तीन व्हिसा माझ्या फोनवर होते, विमानतळाचं वायफाय चांगलं चाललं, सुटलो.

सामानाचा पट्टा फिरून थांबला. मावशीची बॅग नव्हती.

काउंटरवरच्या मुलीने पीआयआरचा अर्ज पुढे केला. सामान आलं नाही याची ती अधिकृत नोंद. ती घेतल्याशिवाय विमानतळ सोडायचा नाही, कारण पुढे नुकसानभरपाई असो वा विमा, सगळं त्या नंबरावर चालतं. बॅग कशी होती, तर तपकिरी, मुठीला लाल लोकरीचा गोंडा. आत काय होतं, तर पुण्यात बॅग भरताना मी उघड्या बॅगेचा वरून फोटो काढून ठेवला होता, तोच पुढे केला. मावशी बाजूच्या खुर्चीवर शांत बसली होती. आईचा जीव खालीवर होत होता, “अगं, नवे कपडे सगळे त्यात…” मावशी म्हणाली, “पंधरा दिवसांपूर्वी अख्खं कपाट गेलं. ही तर एक बॅग.” गोळ्या तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होत्या.

उएनोला हॉटेल आठव्या मजल्यावर. आठला तीन मिनिटं कमी असताना खालच्या रस्त्यावरून एकदम खूप फोनांचा कर्कश आवाज आला आणि मागोमाग खोली हलायला लागली. पडद्याच्या कड्या एकमेकींवर आपटत होत्या, टेबलावरचा पेला सरकत होता. मावशी पटकन आईचा हात धरून पलंगाच्या बाजूला खाली बसली आणि उशी डोक्यावर घेतली. मी उभीच होते. मला तिनेच ओढून बसवलं. कोयनेच्या वेळी, डिसेंबर १९६७ च्या पहाटे, ती साताऱ्याला आजोळी होती, बारा वर्षांची. कौलं अंगणात पडली होती ती तिला आठवत होती. थरथर थांबल्यावर ती म्हणाली, “तेव्हापेक्षा कमी आहे.”

हा वेगळा भूकंप होता, पश्चिम कानागावातला, ५.३ चा. नानकाईशी त्याचा संबंध नाही असं नंतर सांगितलं गेलं. खाली स्वागतकक्षात गेलो तर काउंटरवरचा मुलगा वाकून आधी विचारतो, सगळे ठीक आहात ना, आणि मग लिफ्ट तपासून होईपर्यंत बसायला खुर्च्या आणून देतो. जिन्याची वाट आणि जमायची जागा त्याने नकाशावर पेनने गोल करून दाखवली. तो कागद आईने वहीत चिकटवला. आई टपाल खात्यातून निवृत्त झालेली आहे. तिच्या हाती आलेला कागद हरवत नाही.

१० ऑगस्ट, शनिवार : उएनो

मावशीसाठी दोन सुती सदरे, एक विजार, आतले कपडे, दात घासायचा ब्रश. प्रत्येक बिल जपलं. बॅगेला उशीर झाला तर तातडीच्या खरेदीचा खर्च विम्यातून मिळतो, पण बिल असेल तरच.

जेवणाची आखणी अशी होती की सुपरमार्केटमधून मायक्रोवेव्हचा तयार भात आणायचा, वर पुण्याहून आणलेलं मेतकूट आणि तूप. जपानमध्ये शाकाहारी माणसाची खरी अडचण दाशी. सुक्या माशाचं हे पाणी सूपमध्ये, भाजीत, सॉसमध्ये कुठेही असतं आणि वरून कळत नाही. म्हणून भातावर भिस्त. आणि नेमकी तांदळाचीच फळी रिकामी! त्या उन्हाळ्यात जपानमध्ये आधीच तांदळाची चणचण होती, त्यात भूकंपाच्या सूचनेने लोकांनी घरात साठा करून ठेवला. तयार भाताची पाकिटंही संपलेली. ‘एका कुटुंबाला एक’ अशी पाटी होती आणि ते एकसुद्धा शिल्लक नव्हतं.

कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानात मात्र ओनिगिरी (भाताचे दाबून वळलेले गोळे) होत्या. त्यातली नुसत्या मिठाची शोधायची. शेवाळ लावलेल्या ओनिगिरीच्या वेष्टनावर १, २, ३ असे आकडे असतात, त्या क्रमाने ओढलं की समुद्री शेवाळाची पट्टी कोरडी राहून भाताला लागते. आमच्या गरजेला भातच पुरेसा होता. हॉटेलच्या वाटीत तो मोकळा केला, वर मेतकूट, तुपाची धार. मावशीने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, “भात चांगला आहे, किंचित चिकट.” तेव्हा मला हुश्श झालं. पुण्याहून चहाची विजेची किटली न्यायची असेल तर नेऊ नका. तिथली वीज १०० व्होल्टची. आपली २३० व्होल्टची किटली तिथे जेमतेम पाचवा हिस्सा ताकदीने तापते.

११ ऑगस्ट, रविवार : रेन्कोजी

कामाकुरा गळल्याने दिवस मोकळा होता. आईने वहीतून एक नाव काढलं, रेन्कोजी. टोक्योच्या सुगिनामी भागातलं छोटं बौद्ध मंदिर. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या अस्थी म्हणून जपलेला कलश तिथे आहे. हिगाशी-कोएन्जी स्टेशनात उतरून साध्या वस्तीतून चालत जायचं. ऊन इतकं की दोघींना मी सावलीसावलीने नेलं, दर कोपऱ्यावर पेयांचं यंत्र असतं तिथे थांबत.

अंगणात नेताजींचा अर्धपुतळा आहे. बाजूच्या शिळांवर इथे येऊन गेलेल्या भारतीय नेत्यांची नावं कोरली आहेत. नेहरू १९५७ मध्ये आले होते, वाजपेयी २००१ मध्ये. आई पुतळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. माझे आजोबा स्वातंत्र्यदिनाला घरात नेताजींच्या तसबिरीला हार घालायचे. तिने पुतळ्याला नमस्कार केला, मावशीने केला, मग दोघी अंगणातल्या सावलीत बसून आजोबांबद्दल बोलत राहिल्या. मूळ आखणीत हे नव्हतंच, आणि टोक्योतलं मला सर्वांत मोलाचं हेच वाटतं.

संध्याकाळी बॅग आली. गोंड्यासकट.

१२ ऑगस्ट, सोमवार

श्रावणी सोमवार, दोघींचा उपास. राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि तिथली केळी. आसाकुसाचं सेन्सोजी सकाळी लवकर उरकलं आणि दुपारभर खोलीत पडून राहिलो.

१३ ऑगस्ट, मंगळवार : टोक्यो–क्योतो

सूचनेचा आठवडा चालू असल्यामुळे शिनकान्सेन मिशिमा ते मिकावा-आन्जो या टप्प्यात वेग कमी करून जात होती. दहा मिनिटं उशीर होईल असं तिकिटाच्या फाटकावर लिहिलेलं, आणि झालाही तेवढाच. उजवीकडच्या खिडक्या घेतल्या होत्या, पण फुजी ढगात. मोठ्या बॅगा आदल्या दिवशीच हॉटेलातून कुरिअरने क्योतोला रवाना केल्या होत्या. ही सोय तिथे जवळपास प्रत्येक हॉटेलात आहे आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर तिच्यावर पैसे जरूर खर्च करावेत.

१४ तारखेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. क्योतोचं ऊन टोक्योपेक्षा जाचक. संध्याकाळी हॉटेलातल्या टीव्हीवर समुद्रातलं एक पांढरं चक्र दिसलं, सातव्या क्रमांकाचं वादळ, आम्पिल. त्याची बाणाची रेघ सरळ टोक्योकडे जात होती.

१५ ऑगस्ट, गुरुवार : क्योतो

सकाळी आईने खोलीत छोटा झेंडा टेबलावर ठेवला, आम्ही राष्ट्रगीत म्हटलं. नाश्ता होतोय तोवर रेल्वेची घोषणा आली. उद्या, १६ ऑगस्टला, टोक्यो ते नागोया शिनकान्सेन दिवसभर बंद. वादळ यायच्या आधीच वेळापत्रक जाहीर करून गाड्या थांबवायच्या, म्हणजे कुणी मध्येच अडकत नाही. आमचं परतीचं विमान १७ ला सकाळी नारिताहून, १६ च्या रात्रीचं हॉटेल नारिताजवळ, आणि तिथे नेणारी गाडी त्या बंद टप्प्यातून जाणारी. १९ ला नारळी पौर्णिमा. दोघी बहिणींनी मामाला राखी चुकणार नाही असं वचन दिलेलं.

आईने वही उघडली, पानाच्या मधोमध उभी रेघ मारली आणि म्हणाली, “बोल. एकेक सांग.”

पहिला मार्ग, आजच टोक्योला जायचं. नोझोमीच्या सगळ्या जागा गेलेल्या, कारण हीच युक्ती सगळ्यांना सुचली होती. त्यात वादळाच्या तोंडी आपणहून जायचं. आईने काट मारली.

दुसरा, उत्तरेकडून वळसा. होकुरिकू शिनकान्सेन त्याच वर्षी १६ मार्चला त्सुरुगापर्यंत वाढवली होती. क्योतोहून थंडरबर्ड गाडीने त्सुरुगा, तिथून टोक्यो, साधारण चार तासांचं काम. कागदावर उत्तम, पण तीन जागा एकत्र सोडाच, सुट्यासुद्धा मिळेनात. चार तास उभ्याने जाणं या दोघींना झेपणारं नव्हतं. काट.

तिसरा मार्ग माझ्या रकान्यात मे महिन्यापासून होता, ‘कान्साई?’. आमची विमान कंपनी ओसाकाच्या कान्साई विमानतळावरूनही बँकॉकला जाते. टोक्योला जायचंच कशाला? एकच तपासायचं होतं. कान्साई समुद्रातल्या भरावाच्या बेटावर आहे आणि २०१८ च्या जेबी वादळात ते बुडालं होतं, एक जहाज पुलावर आदळून वाट बंद झाली होती. आम्पिलची वाट मात्र तिथून बरीच पूर्वेला होती. ओसाका कोरडं राहील असा अंदाज.

फोन लावला. वाट पाहण्याचं संगीत पाऊण तास. आईने चार्जर लावून दिला, मावशी पाण्याची बाटली घेऊन शेजारी बसली. शेवटी पलीकडून आवाज आला. वादळामुळे एक बदल फुकट मिळत होता, पण १६ च्या कान्साईच्या विमानात जागा नव्हती. १७ ला रात्री होती, तीन, वेगवेगळ्या रांगांत. मुंबईत १८ ला. मी फोनवर हात ठेवून विचारलं. “रांगा वेगळ्या असू देत,” मावशी म्हणाली, “राखीला घरी आहोत ना?” होय म्हटलं. थेट कंपनीकडून तिकीट काढलं नसतं तर हे एका फोनवर झालं नसतं.

मग बाकीचं भराभर. नारिताचं हॉटेल फुकटात रद्द करायची मुदत त्याच रात्री बारापर्यंत होती, केलं. बंद झालेल्या गाडीचे पैसे रेल्वे पूर्ण परत देते, तो अर्ज फोनवरूनच झाला. राहिला १६ चा मुक्काम. आमचं हॉटेल भरलेलं. १६ ला क्योतोत डोंगरांवर होळ्या पेटतात, त्याची गर्दी असते आणि आता अडकलेल्यांचीही. एका ठिकाणी एका रात्रीचा भाव ऐकून आईने फोन माझ्या हातातून काढून घेतला. शेवटी दहा मिनिटांवरच्या ओत्सूत, बिवा सरोवराच्या काठच्या गावात, खोली मिळाली. क्योतो महाग पडलं की पुढच्या स्टेशनांची नावं नकाशावर वाचावीत.

संध्याकाळी पाचला नानकाईची सूचनाही मागे घेतली गेली. आईने वहीत वेळ लिहिली.

१६ ऑगस्ट, शुक्रवार : गोझान नो ओकुरिबी

ही आमच्या हाती अचानक आलेली संध्याकाळ. ओबोनला घरी आलेल्या पितरांना निरोप देण्यासाठी क्योतोभोवतीच्या पाच डोंगरांवर अग्नी पेटवतात. पहिला ‘दाइमोन्जी’, म्हणजे ‘मोठा’ या अर्थाचं अक्षर. त्याच्या तीन फराट्यांपैकी सर्वांत लांब १६० मीटरचा आहे. मूळ आखणीप्रमाणे आम्ही या वेळी नारिताच्या खोलीत असतो.

सकाळी गिन्काकुजीच्या दारापाशी टेबलं मांडलेली होती. तिथे गोमागी मिळतात. हातभर लाकडाची सोललेली पट्टी, तिच्यावर नाव आणि मनातलं लिहायचं, ती संध्याकाळी डोंगरावरच्या आगीत जाते. मावशीला हे समजावून सांगितल्यावर तिने एक घेतली. ब्रश तिला जमेना, तेव्हा टेबलामागच्या आजोबांनी जाड पेन दिलं. तिने काकांचं नाव पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट, शेजारी गोत्र लिहिलं आणि थांबली. लाकूड ओलसर होतं, शाई किंचित पसरली. मग खाली बारीक अक्षरांत लिहिलं, ‘घर आवरलं. काळजी नसावी.’ आजोबांनी पट्टी दोन्ही हातांनी घेतली आणि बाकीच्या पट्ट्यांवर ठेवली. अक्षरं कुठली आहेत असं त्यांनी विचारलं, मी भारत म्हटलं, त्यांनी मान लववली.

आठला कामो नदीच्या काठी उभ्या होतो. गर्दी पुण्यातल्या विसर्जनाइतकी, पण ढोल नाही, घोषणा नाहीत. दुकानांच्या पाट्या विझल्या. डोंगरावर आधी एक ठिपका, मग रेघ, मग अख्खं अक्षर. माझ्या मागे एका बाईंनी हात जोडले. मावशीनेही जोडले. ती रडली, आईने तिला धरलं. पितृपंधरवड्यात काकांसाठी पान वाढताना ती अशी रडत नाही. नंतर ओत्सूच्या गाडीत म्हणाली, “पुरात फोटो गेला तेव्हा मला वाटलं, निरोप राहिलाच. आज झालं.”

टोक्योत त्या दिवशी शेकडो विमानं रद्द झाली.

१७ आणि १८ ऑगस्ट : ओसाका–मुंबई–पुणे

क्योतोहून हारुका गाडी थेट कान्साईच्या बेटावर जाते. विमानतळावर टोक्योहून वळलेल्या प्रवाशांची झुंबड होती, पण आमच्या जागा पक्क्या. वेगळ्या रांगांचं कळल्यावर एका तरुणाने आपणहून जागा बदलली आणि आई व मावशी शेजारी आल्या. या वेळी मावशीच्या बॅगेत फक्त कपडे होते. गोळ्या, कागद आणि ओत्सूहून घेतलेली मामाची भेट तिच्या मांडीवर.

मुंबईत सगळ्या बॅगा आल्या. द्रुतगती मार्ग रविवार संध्याकाळसाठी बराच मोकळा मिळाला. मावशीला आमच्याकडे नेणार होते, तर ती म्हणाली, आधी घर. दादाने भिंतींना फिकट पिवळा रंग काढला होता. खालच्या कप्प्यांचं कपाट काढून टाकलं होतं आणि त्या जागी भिंतीत छातीच्या वर फळ्या ठोकल्या होत्या. मावशीने सगळ्या फळ्यांवरून हात फिरवला, मजबुती तपासली आणि चहा टाकायला आत गेली.

१९ ला मामा सकाळीच आला. दोघींनी त्याला ओवाळलं. दुपारी मी विम्याची फाइल लावली: पीआयआर, बोर्डिंग पास, सदऱ्यांची आणि विजारीची बिलं, बॅगेचा फोटो. माँट्रियल करारानुसार उशिरा आलेल्या सामानाची लेखी तक्रार बॅग हाती आल्यापासून एकवीस दिवसांत विमान कंपनीकडे करावी लागते, ती त्याच संध्याकाळी ईमेलने धाडली. विम्याचे पैसे महिन्याभरात आले. ते मावशीच्या खात्यात वळते केले, तिने त्यातून नवा चष्मा केला.